टेरेलला बाहेर बसवलं तो शनिवार

हॅलो?… कोण, जोलीन? बोल गं… नाही, जेवण कसलं! मांस अजून ओव्हनमध्येच आहे. वेंडेल चर्चमधून परस्पर होस्टेलवर गेला, टेरेलला बघायला. फोनही इथेच विसरलाय. सारखा वाजतोय मेला… मी नाही उचलत. कॉलेजच्या क्रीडा डायरेक्टरचं नाव दिसतंय ना वर.

अगं, चर्चला तू नव्हतीस तेच बरं झालं. आमच्या बाकावर कुणी बसेना. आणि घरी येऊन बघते तर हिरवळीत पाटी ठोकलेली. 'घर विकणे आहे.' म्हणजे आम्ही गाव सोडावं!… हो, हो, पोरंच असणार. मी उपटून गॅरेजमध्ये टाकली, वेंडेल यायच्या आत.

कॉलेजची टीम हरली, मान्य आहे. सलग सहावा सामना. प्रशिक्षक म्हटल्यावर शिव्या वेंडेललाच बसणार. पण कालचा सामना… अगं ऐक ना, कालचा जिंकताही आला असता, सगळे हेच म्हणतायत ना? टेरेलला परत मैदानात उतरवलं असतं तर! जोलीन, त्या पोराच्या डोक्याला असा मार बसला की त्याला आपण कुठल्या गावात आहोत ते सांगता येईना. वेंडेलने विचारलं, तर आईचं नाव सांगितलं त्याने. मग कसा उतरवणार?… तुझा गस म्हणत होता उतरवू या? हो, सांगितलं वेंडेलने. सामन्याच्या गडबडीत माणूस बोलून जातो. अकरा वर्षं त्याचा सहायक आहे गस, वेंडेलने मनावर नाही घेतलं.

काय गं, काय झालं?… नाही, तुझा आवाजच बदलला. गसला दे जरा फोन… घरी नाही? रविवारी दुपारी?… कुठे?… थांब. पुन्हा सांग. कॉलेजच्या अध्यक्षांकडे?… जेवायला? टाय लावून? गस टाय लावून गेला?

कधी बोलावलं त्यांनी?… जोलीन, मी कधी विचारतेय… गुरुवारी.

गुरुवारी. म्हणजे सामन्याच्या आधीच. आणि शुक्रवारी माझ्या टेबलाशी बसून तुम्ही दोघांनी पीकनचा गोड केक खाल्ला… नाही, तू ऐक. मी ओरडत नाहीये. 'सांगणार होते' म्हणे! कधी, सामान बांधायला आल्यावर?…

थांब, गाडी आली. वेंडेलच… मागे डायरेक्टरची गाडी. अंगणातच उभे राहिलेत दोघे… डायरेक्टर बोलतायत, हा नुसता मान हलवतोय. अरे, हात काय मिळवतोस त्यांच्याशी!… गेले. आत यायची तसदीसुद्धा घेतली नाही.

वेंडेल, बस आधी… हं?… आजपासूनच?… बरं… पाणी देऊ?… जोलीन आहे फोनवर. हो, कळलं मला, तुझ्या जागी गस… तुलाही आत्ताच सांगितलं?

जोलीन, झालं. काढलं त्याला… मी नाही रडत. तू कशाला रडतेस आता?… थांब, तो काहीतरी म्हणतोय… हे सांगू तिला?… खरंच सांगू?

तो गसचं अभिनंदन करतोय. मनापासून करतोय, मी ओळखते त्याला. मला विचारशील तर… जाऊ दे.

आणि आणखी एक सांगतोय. नीट ऐक. टेरेल पडदे ओढून अंधारात पडलाय, उजेड सोसत नाही त्याला. आणि तरी येत्या शनिवारी खेळणार म्हणतोय. डॉक्टरांनी महिनाभर मैदानाचं नाव काढू नको म्हटलंय. त्याने कितीही हट्ट केला, प्रेक्षक कितीही बोंबलले, तरी गसने त्याला उतरवायचं नाही. एवढंच मागतोय वेंडेल, दुसरं काही नाही… पहिला सामना आहे गसचा, ठाऊक आहे मला. जिंकायलाच हवा, तेही ठाऊक आहे… 'बघू' म्हणजे काय?… तुझं ऐकतो तो, जोलीन. त्याला सांगशील की नाही, एवढं बोल… हा माझ्यासमोर उभा आहे गं, काय सांगू त्याला?… जोलीन?…

हॅलो?… हॅलो?