मिठाच्या जागेवरचा वॉल्व

माझं माहेर हिर्डोशीचं, वरंधा घाटाकडचं. तिकडं एस्टी आली तर आली, न्हाई तर चालायचं. मला दिली उत्रोलीला, मालकांचं भोरच्या रस्त्याला ब्रेकचं गॅरेज, पत्र्याचं, आन् त्यात दुसरं मानूस कोन न्हाई. तवा मला वाटलं, चला, गाडीवाल्याच्या घरात पडले, आता काय चालायला लागत न्हाई. काय सांगू तुमाला, गाडीत बसायला मिळालं खरं, पन उभ्या गाडीत.

लग्नाला पंधरा दिस झालं नसतील, म्या भाकरी घेऊन गेले तर मालक एका पिकअपखाली उताणे, नुस्ते पाय भायेर. आतनंच म्हनले, कोन हाय, वर बस आन् पायडल दाब, चप्पल काढून दाब. मला वाटलं यंत्राचा मान असंल, देवळात काढतो तशी. म्हनून म्या चप्पल काढली, पायडलाला हात लावून नमस्कार केला आन् मग दाबलं. जेवताना त्यांना हे सांगितलं तर ठसकाच लागला. म्हनले, अगं चपलेतनं पायाला काय कळत न्हाई म्हनून काढायची.

ब्रेकचं काम दोघांचं असतं बघा. नळीत हवा राहिली की ब्रेक लागत न्हाई. ती काढायला एकानं वर बसून पायडल दाबायचं, दाबून धरायचं, आन् दुसऱ्यानं खाली चाकापाशी निपल नावाचा बारका बोल्ट सैल करून हवा सोडायची, परत आवळायचा, मग म्हनायचं सोड. दाब, धर, सोड. आमचा सगळा संसार ह्या तीन शब्दांवर झाला, अबोला असला तरी तेवढं बोलायलाच लागायचं.

मला सामानाची नावं येत न्हवती. ब्रेकचा सिलिंडर खोलला की आतनं पिस्टन, रबर, स्प्रिंग, आन् एकदम तळातनं सुपारीएवढा वॉल्व निघतो. म्या घरातनं जेवनाचं ताट आनलं, म्हनलं हितं मांडा. ताटात मीठ आधी वाढत्यात, वर, मधोमध. बसवताना वॉल्व आधी जातो म्हनून तो मिठाच्या जागेवर, चटनीच्या जागी स्प्रिंग, कोशिंबिरीच्या जागी रबर, आन् म्या वाढल्यासारखं एकेक हातात द्यायचे. तो वॉल्व काय करतो, तर पाय काढला तरी नळीत थोडा दाब धरून ठेवतो. तो नसला तर पहिल्यांदा पायडल खोल जातं, दुसऱ्यांदा दाबलं की मग वर लागतं. आता घाटात दुसऱ्यांदा दाबायला कोन वेळ देतंय?

गेल्या सालापास्नं मालक इसरायला लागले. हातात पाना आन् पाना कुठं ठेवलास म्हनून माझ्यावर डाफरायचे. गिऱ्हाइकाचं नाव आठवायचं न्हाई, मग म्या आधी नावानं हाक मारायचे, म्हंजी त्यांना ते आयतं मिळायचं. कोनाला कळू दिलं न्हाई. ब्रेकवाला इसरतो म्हनल्यावर कोन गाडी आननार, तुमीच सांगा.

तर एक दिस माझे चुलते, तात्या, हिर्डोशीहून त्यांची जुनी पिकअप घेऊन आले. मला नवरी म्हनून आनली ती ह्याच गाडीतनं. पत्रा तीनदा बदलला पन तात्यांनी गाडी बदलली न्हाई. दुसऱ्या दिशी नातीची सुपारी फुटायची व्हती, सगळी मानसं पाठीमागं बसून घाट उतरनार, म्हनून म्हनले वॉल्व साफ करून द्या. मालकांनी सिलिंडर खोलला, म्या ताट मांडलं, आन् तात्या आलेत म्हनून चहा टाकायला घरात गेले. परत आले तर ताट रिकामं, सिलिंडर बसवलेला. म्या वर बसले, चप्पल काढली, दाबलं. पाय खोल गेला. परत दाबलं, वर लागलं. चारी चाकांच्या नळीतली हवा काढली, तरी तेच.

म्या म्हनलं, माझ्या पायाला पटत न्हाई, परत खोला. मालक म्हनले, तुझ्या पायाला आता म्हातारपन आलंय. तात्यांची घाई, म्हनले असू दे गं सुले, दोनदा दाबीन की. बोलावं तर मालकांचा पानउतारा, तो बी माझ्या माहेरच्या मानसापुढं, आन् गप बसावं तर त्या गाडीत माझंच गनगोत. म्या चावी काढून कनवटीला लावली आन् सीटवरनं उठलेच न्हाई. मालकांना म्हनलं, ते ताट द्या हिकडं. चिडून दिलं त्यांनी. म्या मिठाच्या जागेवर नुस्तं बोट ठेवलं.

मालक त्या बोटाकडं बघत ऱ्हायले. मग त्यांचा हात आपसूक सदऱ्याच्या खिशात गेला. उजेडात बघायला म्हनून वॉल्व दारात नेला व्हता, तात्यांशी बोलता बोलता खिशात टाकला, तो तिथंच. त्यांचं तोंड असं पडलं की मला वाटलं, बोट ठेवायला नको व्हतं.

म्या लगेच म्हनलं, माझीच चूक, म्याच द्यायचा इसरले. तर मालकांनी मला हातानं थांबवलं. म्हनले, न्हाई तात्या, माझं चुकलं. हल्ली मी इसरतो, ही झाकून नेती.

तात्या खाली बसले आन् म्हनले, खोला निवांत जावईबापू, सुपारीला उशीर झाला म्हनून लगीन मोडत न्हाई. वॉल्व बसवल्यावर मालकांनी मला खाली उतरवून पाना माझ्या हातात दिला, चप्पल काढली आन् स्वतः सीटवर जाऊन बसले.

तवापास्नं खाली म्या, वर ते. साडीवर त्यांचाच जुना शर्ट घालते. तात्यांनी गावभर सांगितलं, मला वाटलं झालं, बुडालं गॅरेज. पन तिकडचे लोक येत्यात, म्हनत्यात जिथं चूक झाली म्हनून सांगत्यात तिथंच ब्रेक दाखवावा. गुडघे दुखत्यात माझे, जमतंय तवर करायचं.

आता परवाचंच ऐका. म्या खालनं म्हनलं धरा, निपल आवळला, आन् वायसर आनायला शेजारच्या दुकानात गेले. तिथं माहेरची एक बाई भेटली, बोलत ऱ्हायले, बराच येळ गेला. आले तर मालक तसेच पायडल दाबून बसलेले, मांडी थरथरती, घामानं डबडबलेले. म्हनलं, अवो, पाय न्हाई का काढायचा? तर म्हनले, तू सोडा कुठं म्हनलीस.

जेवलेलं इसरत्यात, कधी माझं नाव बी अडखळतं, पन हे न्हाई इसरले. देवानं त्यांच्याकडनं काय न्यायचं ते न्यावं, एवढं ठेवावं. म्या गुडघ्यावर बसले, त्यांची पोटरी चोळली आन् म्हनलं, सोडा. मग सोडला.