आब्रिलच्या गळ्यातला निळा बो

मोन्तेविदेओतल्या आमच्या गल्लीच्या बेकरीत रांगेत माझ्यापुढे नेलिदाबाई आणि झुल्माबाई उभ्या होत्या.

"झुल्मा, महिना झाला, आमची नात शाळेत जात नाही. ऑटिझम आहे ना आब्रिलला. पांढरा अंगरखा घालते, पण शाळेचा निळा बो गळ्यात बांधला की जीव गेल्यासारखी रडते."

"अख्खा देश लहानपणी तो बो बांधतो, नेलिदा. कुणी मेलं का त्यानं?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बो राहू दे. आधी नुसतं फाटकापर्यंत नेऊन आणा."

"लाड नुसते. आमच्या वेळी नव्हती बाई असली मुलं."

"नसतील."

"नव्हतीच. दादा, सहा पाव द्या. सगळे एका रंगाचे बघून द्या हं, एक जरी करपट निघाला तर आमचा वाल्देमार बाकीच्यांनाही हात लावत नाही."

"कसा आहे गं तुझा भाऊ?"

"मजेत. बाराच्या ठोक्याला ताट लागतं त्याला, म्हणून तर घाई. नवा सदरा आणला की आधी कॉलरचं लेबल उसवायचं, नाहीतर काढून फेकतो."

"साठी उलटली ना त्याची?"

"केव्हाच."

"शाळेत कितवीपर्यंत होता?"

"पहिल्या दिवशी गेला. आईनं फाटकात बो बांधला, तो त्यानं दातांनी फाडला. मग आईच म्हणाली, राहू दे घरी."

"कुणा डॉक्टरला दाखवलंत का कधी?"

"वाल्देमारला? त्याला काय झालंय?"