झकास चाललाय, हेच दुखणं

...नाही, बिघडला असता तर तक्रारच नव्हती हो! तुम्हाला सांगतो, नवा लॅपटॉप झकास चाललाय, आणि हेच तर दुखणं आहे! हसू नका. आधीचा होता ना, तो खरा गुणी! सुरू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ घ्यायचा, पंखा असा घरघरायचा की शेजारी विचारायचे, "गिरणी टाकलीत का?" पण तो बसला की लांबच्या गावाहून लेक यायची! नोकरी, संसार सोडून, चांगली दोन दिवस. "बाबा, काय केलंत?" "मी? मी नुसती सगळी बटणं एकदा दाबून पाहिली." मग ती मांडी घालून, ओठ चावत दुरुस्त करायची, आणि मी समोर... काही नाही, नुसता बसायचो.

तर तिने नवा धाडला. फोनवर म्हणे, इथूनच सगळं लावून देते! आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला की हो! आमची ही किंचाळली, "अगंबाई, भूत!" म्हटलं, भूत कसलं, तुझी कार्टी! हात तिकडे, बाण इकडे. मी माऊस धरून हळूच ओढला. "बाबा! हात लावू नका!" सोडला. परत ओढला. "बाबाऽऽ!" लहानपणी वेणी ओढली की अगदी अशीच ओरडायची...

शेवटी काय, तर बॅकअप! म्हणजे अख्ख्या लॅपटॉपची आजची नक्कल एका डबीत भरायची. डबी लावायला मदतीला शेजारचे रिटायर पोस्टमास्तर. "आता काहीही मोडा बाबा, डबी लावली की परत आजच्यासारखा. मला यायची गरजच नाही!" किती आनंदाने सांगत होती हो! मी चौथी दोनदा शिकलेला माणूस, पण 'गरजच नाही' एवढं बरोबर समजलं. तेव्हापासून झकास चाललाय... फोनसुद्धा कशाला येतोय!

पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही! जे जे पुसता येईल ते ते पुसलं. लॅपटॉप आडवा! डबी पिठाच्या डब्यात तळाशी, आणि रडक्या आवाजात फोन: "बाळ, तुझी डबी सापडत नाही गं..." आणि ही? जन्मभर मला "पोरकटपणा पुरे" म्हणत आलेली ही, लेकीच्या खोलीत गुपचूप पलंगावर नवी चादर घालत होती!

"बाबा," लेक हसली, "मी ओळखत नाही का तुम्हाला? दोन डब्या भरल्या होत्या. दुसरी पोस्टमास्तरकाकांनी घरी नेलीय."

घ्या! पोस्टमास्तर चष्मा पुसत हजर. बाहेरच्या टेबलावर हिची भाजी पसरलेली, म्हणून लॅपटॉप घेऊन सरळ लेकीच्या खोलीत! डबी लावली, अन् मेला टुणकन उठून बसला! वर हे महाशय त्या नव्या चादरीवर ऐसपैस बसून दोन कप चहा प्याले.

ही दारात उभी. ते गेल्यावर चादरीच्या सुरकुत्या काढता काढता हळूच म्हणाली, "अहो... गुडघ्याचा बॅकअप नसतो ना हो? माझा तसाही दुखतोच. थोडा वाढवून सांगू का?"

म्हटलं, नको गं बाई. गुडघ्याचा पट्टा कुरियरने धाडेल... आणि तोही झकास बसेल!