लीआन पर्थहून परतली

…आणि वर ही माझी मैत्रीण मलाच विचारते, "ब्रॉन, तुला राग नाही ना गं आला?" राग? मला? अगं, मी कशाला रागावू! माझी भूमिका, माझं नाव, माझा निळा गणवेश, छातीवर लावायचं ते माझं उलटं घड्याळ, सगळं उचलून चाललीस, जा बाई, सुखाने जा! तुम्हाला सांगते, जळते म्हणून नाही हं सांगत! जळायला वेळ कुठे आहे मला? ही पिप अकरा महिन्यांची झाली, अजून एक दात नाही, बाकी सगळ्यांच्या पोरांना चार-चार आलेत, मी रोज बोट घालून बघते आणि ती रोज चावते, म्हणजे हिरड्यांनी… पिप! ते तोंडात घालू नको! काय आहे ते? कोणाच्या बाळाचा मोजा आहे हा? घ्या बाई. ओला झालाय, माफ करा.

हं, तर काय सांगत होते. तुम्ही सगळ्या टीव्हीवर 'पेपरबार्क गल्ली' बघायचात ना? मग मला ओळखलंच असेल. नर्स लीआन! पाच वर्षं होते मी त्यात, पाच! मान नका हलवू नुसती, नसेल ओळखलं तर नसेल, केस तेव्हा लांब होते. पिप पोटात आली आणि सहाव्या महिन्यापर्यंत माझं पोट लपवलं त्यांनी. कधी फ्रिजच्या दारामागे, कधी कपड्यांच्या टोपलीमागे, एकदा तर मी पूर्ण प्रसंग एका मोठ्या कलिंगडामागे उभी राहून केला, ज्यात माझा नवरा मला सोडून चालला होता आणि मी रडताना कलिंगड हातातून खाली ठेवायचं नव्हतं! आणि मग लीआनला पाठवलं पर्थला.

आता आमच्या मालिकेत माणसं तीनच ठिकाणी जातात. स्मशानात, तुरुंगात, नाहीतर पर्थला. स्मशानात गेलं की संपलं. तुरुंगातून सुटता येतं, पण मग तुम्ही खलनायक. पर्थ सगळ्यात उत्तम! पर्थला गेलेला माणूस कधीही परत येऊ शकतो. निर्मातीणबाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "दार उघडं आहे गं, राणी." त्या दारावर मी वर्षभर काढलं! सुपरमार्केटात अनोळखी बायका माझ्या बाबागाडीत डोकावून विचारायच्या, "काय लीआन, पर्थ कसं आहे?" मी म्हणायची, "छान आहे, उकडतं जरा." मी जन्मात पर्थला गेलेली नाही हो! आपल्या या प्रेस्टन उपनगराच्या बाहेर गेले नाही बाळंत झाल्यापासून!

आणि ही कीरली. माझी मैत्रीण, नाट्यशाळेपासूनची. चांगली आहे, मनाने फार चांगली आहे, तेच तर वाईट आहे, नाहीतर शिव्या तरी घातल्या असत्या. आमच्या वर्गात बारा जण होतो. एक लॉस एंजेलिसला गेली, तिथे पोलिसीण झाली पडद्यावर, आणि मुलाखतीत सांगते, "मला घरचा समुद्र फार आठवतो." घरचा समुद्र! डब्बोची आहे ती! समुद्रापासून पाच तास! विसाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला तर म्हणाली, "हे एवढं सगळं खारट आहे?" आणि तिचे दात बघा आता, एका रांगेत, गवंड्याने ओळंबा लावल्यासारखे. जळते म्हणून नाही हं सांगत! बाकीचे कोण विम्याच्या जाहिरातीत, कोण कॉफी ओततंय. आणि कीरली सहा वर्षं शाळाशाळांतून फिरतेय, दात घासा म्हणून सांगायचं नाटक आहे, त्यात ती दाढ. किडलेली. गावोगाव, व्हॅनमध्ये, चाळीस अंशांच्या उन्हात, दाढेच्या फोमच्या पोशाखात! मला वाटायचं, बिचारी. खरंच वाटायचं. बिचारी वाटण्यात जे एक सुख असतं ना, ते मला सहा वर्षं होतं.

तर मागच्या महिन्यात आमच्या एजंटबाई, वेंडी, त्यांचा फोन. वेंडी बोलतात कशा? पत्ते पिसल्यासारखं. "ब्रॉन-ऐक-लीआन-परत-येतेय!" मी किंचाळले, पिप किंचाळली, लॉकी, माझा नवरा, नळाचं काम करतो, तो सिंकखालून डोकं आपटून बाहेर आला. मग वेंडी म्हणाल्या, "फक्त एक टेप पाठव." टेप? कशाची टेप? "लीआनची." अहो, पण लीआन मीच आहे! "हो गं, पण निर्माते बदललेत. हे आधी स्वयंपाकाची स्पर्धा करायचे. यांनी जुने भाग पाहिलेच नाहीत. सगळ्यांनाच पाठवायचीय, शुक्रवारी पाचच्या आत."

म्हणजे माझ्याच भूमिकेसाठी परीक्षा मी द्यायची! बरं, देते.

आता ऑडिशनची टेप म्हणजे काय, घरीच करायची. भिंतीला चादर, इस्त्रीच्या टेबलावर फोन, आणि समोरच्या पात्राचे संवाद वाचायला कोणीतरी कॅमेऱ्यामागे लागतं. ते मैत्रिणीने करायचं. आज ती तुमच्यासाठी वाचते, उद्या तुम्ही तिच्यासाठी, मोबदला एक कप चहा. हे आमच्यात कोणी नाही म्हणत नाही. उद्या तुमच्या नवऱ्याला पळवून नेणारी आली तरी तिचे समोरचे संवाद वाचावे लागतात! तर कीरलीला बोलावलं. आली बिचारी, दाढ गाडीत ठेवून. दारातूनच ओरडली, "कोंबड्या!" आमच्यात शुभेच्छा देणं अपशकुनी, म्हणून कोंबड्या म्हणायचं, का ते कोणालाच माहीत नाही. आणि तेवढ्यात हा लॉकी, माझा शहाणा, पाना हातात घेऊन मागून म्हणतो, "ऑल द बेस्ट, सोने!" झालं! म्हटलं, लॉकी, बाहेर जा, तीनदा गोल फीर आणि माफी माग. तो म्हणे, "कोणाची?" म्हटलं, कोणाचीही! गेला. शेजाऱ्याची मागून आला.

मग कीरलीला म्हटलं, तू चादरीपुढे उभी राहा, उजेड बरोबर पडतो का बघू. उभी राहिली. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि पिप उठली. उठली म्हणजे काय, भोंगाच! तिला अंगावर घेतलं आणि म्हटलं, कीरली, हलू नकोस, तिथूनच तू लीआनचे संवाद वाच, मी मेट्रनचे वाचते, दोन मिनिटांत बसतंय का ते कळेल. तिने वाचलं. मी एका हाताने पिप, एका हाताने कागद, मेट्रनच्या आवाजात, "सिस्टर लीआन, तुम्हाला इथे कोणी बोलावलंय?" आणि ती म्हणाली, "कोणी नाही. पण मी दुसरीकडे कुठे जाऊ?" मी पाहिलंसुद्धा नाही तिच्याकडे! माझं लक्ष पिपच्या कानामागे, तिथे लाल काहीतरी होतं, पुरळ की भोपळा ते कळेना.

भोपळाच होता. चाटून पाहिला.

मग मी केलं. तीनदा केलं. तिसऱ्यांदा असं झालं, असं झालं की कीरलीच्या डोळ्यांत पाणी! ती गेली, पावणेपाच वाजले, पिपने उरलेला भोपळा माझ्या खांद्यावर काढला, फोनमध्ये चार टेपा, चारही निळ्या चादरीच्या, नावं नाहीत, नुसते आकडे, आणि डोळे माझे असे मिटत होते, आठवडाभर झोप नाही… मी एक पाठवली.

हो. तीच.

मोठ्याने हसू नका, बाळं उठतील.

सोमवारी वेंडींचा फोन. पहिल्यांदाच हळू बोलल्या. "ब्रॉन, त्यांना फार आवडलं. म्हणाले, हिच्यात काय दुखणं आहे, कसं उभं राहणं आहे! फक्त पूर्वीच्या फोटोपेक्षा उंच कशी वाटते? म्हणून मी टेप उघडली…" मी खाली बसले. पिपच्या खेळायच्या रिंगणातच बसले. म्हटलं, वेंडी, चूक झाली, आत्ता सांगा त्यांना, माझी खरी पाठवते, तिसरी, रडायला लावते ती! पाठवली. मंगळवार गेला. बुधवार गेला. पिपचं पोट बिघडलं, माझं दूध कमी झालं, इंटरनेटवर वाचलं की काळजीने होतं, म्हणून आणखी काळजी. गुरुवारी फोन. "त्यांनी पाहिली गं. म्हणाले, ही बाईसुद्धा छान आहे. पण ही लीआनसारखी वाटत नाही."

मी! लीआनसारखी! वाटत नाही! पाच वर्षं! कलिंगडासकट!

"आणि चेहरा बदलला त्याचं काय?" मी विचारलं. "लोक काय म्हणतील?" तर वेंडी म्हणाल्या, "त्यांनी एक वाक्य घातलंय. शेजारीण म्हणते, 'अय्या लीआन, पर्थ तुला मानवलेलं दिसतंय!'" बस्स. एवढ्यात माझी पाच वर्षं आटोपली.

जळते म्हणून नाही हं सांगत!

संध्याकाळी कीरली आली. हातात लॅमिंग्टनचा डबा, ते खोबऱ्यात घोळवलेले केक असतात ना, डोळे सुजलेले. "ब्रॉन, मी नाही म्हणून सांगितलंय त्यांना. शपथ. तू हो म्हटल्याशिवाय मी नाही करणार. तुझी आहे ती." लॉकी माझ्याकडे बघतोय. पिप लॅमिंग्टनकडे बघतेय. आणि माझ्या आत एक बाई उभी राहून ओरडतेय, "नको म्हण! नको म्हण! ती स्वतःच म्हणतेय, तू फक्त गप्प बस!" एक शब्द नव्हता बोलायचा हो, नुसतं गप्प राहायचं होतं! पण वेंडींनी सांगितलं होतं, ही नाही तर ते तिसऱ्याच कोणाला तरी घेणार, माझा नंबर त्यात नाही. आणि कीरलीच्या मानेवर घामोळं होतं. जुनं, काळं पडलेलं. दाढेच्या फोमचं. सहा वर्षं मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

म्हटलं, "वेडी आहेस का? घे." आणि तिला मिठी मारली, आणि खोबऱ्याचा भुगा घशात गेला म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं सांगितलं.

आता ती रोज येते. तालमीला. समोरचे संवाद कोण वाचणार? मीच! आमच्यात कोणी नाही म्हणत नाही ना! लीआन चालते कशी, घड्याळ बघते कशी, सगळं मी दाखवते, मला पिळून घेतेय ती लिंबासारखी. काल पहिल्या भागातला मोठा प्रसंग होता. लीआन इस्पितळात येते आणि कळतं की तिची जागा दुसऱ्या नर्सला दिलीय. लीआनने तिला काय करायचं? अभिनंदन! आतून जळायचं आणि वरून हसून "अभिनंदन" म्हणायचं. म्हटलं, बाई, हा अवघड आहे, थांब, मी दाखवते, सध्या हा प्रसंग माझ्या हातचा आहे. तर ती म्हणाली, "नको, हा मी करते."

आणि तिने केलं. मान जराशी तिरकी. ओठ आधी हसले, डोळे नंतर, आणि डोळे हसायच्या आधी एक अगदी छोटीशी थांबण्याची जागा. मग दोन्ही हात पुढे करून, "अगं, किती छान! तुझ्याशिवाय कोणाला मिळायला हवं होतं!"

माझ्या हातातला कागद खाली आला. हे हसू मी पाहिलं होतं! सहा वर्षांपूर्वी मला लीआन मिळाली तेव्हा, माझ्याच दारात. मला पुरस्कार मिळाला तेव्हा. पिपच्या बारशाला. तेच हसू, तीच मान, तेच हात! आणि मी प्रत्येक वेळी घरात येऊन लॉकीला सांगितलं होतं, "किती निर्मळ आहे नाही ही कीरली!"

म्हटलं, "कीरली… हे कुठे शिकलीस गं?"

ती लाल झाली. दाढेच्या आतसुद्धा एवढी लाल झाली नसेल. म्हणाली, "सहा वर्षं झाली ब्रॉन. हात बसलाय."

आता भांडणार कोणाशी? पिपला कमरेवर घेतलं, चहा टाकला, आणि म्हटलं, "बरं, जरा सावकाश करून दाखव. मला शिकायचंय."