दारातून परत येणारा काढा

डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत शिंपीणबाईंनी पेपर उघडला, पण कान मागच्या बाकावर होते. तिथे एक काढेवाला, त्याची बायको आणि मुलगी बसली होती.

“बाबा, तुमच्या चिनी मुळीत गुण आहेच. पण मेंदू काढ्याला दारातूनच परत पाठवतो.”

“मग?”

“तिचा अर्क मी चरबीच्या कणांत भरला. डोळ्यांनाही दिसत नाहीत इतके बारीक. नाकातून थेट मेंदूत!”

“म्हणजे कडू लागतच नाही?”

“अजिबात नाही.”

“कमाल केलीस पोरी! मी जन्मभर लोकांची तोंडं कडू केली. गुण आला?”

“उंदरांना. विसरलेली वाट सापडली त्यांना. माणसांना अजून वेळ आहे.”

“ऐकलंस का गं, आपली लेक काय म्हणतेय?”

“ऐकतेय की. फार हुशार मुलगी आहे. हिची आई भाग्यवान हो! कोणाची हो ही?”