भुक्, भुक्, फट्!

...अन् वरून मिस्त्री लोक मलाच विचारत्यात, "गुरुजी, गाडी सर्व्हिसिंगला टाकली व्हती का?" अरे, टाकली व्हती का म्हणजे? शाळेतून रिटायर झालो अन् आठ महिन्यांपासून या गाडीच्याच नोकरीला लागलोय मी! तुम्हाला सांगतो, आपली चारचाकी गाडी जुनी, पेट्रोलची, कार्बोरेटरवाली. लेक पायल जन्मली त्या साली सेकंडहँड घेतलेली. इतकी वर्षं बिलकुल तक्रार न्हाई. अन् आता हे नवीनच! सकाळी चालू करा, एकदम बराबर. पंधरा मिनिटं पळती, अन् मंग... भुक्, भुक्, फट्! बंद. भर रस्त्यात. दहा मिनिटं तिच्या तोंडाकडं बघत उभं राहा, सेल्फ मारा, की चालू! जसं काही झालंच न्हाई!

आमच्या घनसावंगीचा भिवा मिस्त्री म्हणला, "गुरुजी, मिसिंग मारून राह्यली, प्लग गेले." प्लग बदलले. भुक्, भुक्, फट्! "मंग कार्बोरेटरमधी कचरा असंल." त्यानं सगळा कार्बोरेटर खोलला, तोंडानं फुंकून फुंकून साफ केला, दिवसभर बिचाऱ्याच्या मिशीला पेट्रोलचा वास... भुक्, भुक्, फट्! मंग जालन्याला मस्तगडात हरिओम मिस्त्रीकडं गेल्तो. त्याचं बोलणं मोठ्या डॉक्टरासारखं, हळू. "सर, कॉईल गरम होऊन राह्यली. करंट तुटतो." बदल बाबा कॉईल! अन् त्याच्या दारात अर्धा तास उभ्या उभ्या चालू ठेवली, तर हूं न्हाई का चूं न्हाई. "बघा सर, गाडीत काहीच न्हाई." गाडीत काहीच न्हाई, अन् मी गावाबाहेर निघालो की भुक्, भुक्, फट्!

बरं, हे बी चाललं असतं हो. पण पायल... एकुलती एक. नर्सिंग शिकली, दिल्लीच्या दवाखान्यात नोकरी लागली. जायच्या दिवशी बाराची रेल्वे, जालना स्टेशन. बायको, प्रभावती, म्हणली, "अहो, बसनं जाऊ. लेकीला त्या डब्यात घालू नका." मी म्हणलं, हिला जन्मल्यावर याच गाडीत घरी आणली, जाईल बी याच गाडीत! कोण बोललं हे? मीच. माझंच तोंड.

नऊला निघालो. साठ किलोमीटर तर जायचं, तीन तास काय कमी झाले? अंबडच्या अलीकडं दोनदा बंद. अंबडच्या पुढं बंद. बोनेट उघडून मी उगंच वायरी हलवून राह्यलो, माणसानं काहीतरी हलवायला पाहिजे ना! प्रभावती घड्याळ बघून राह्यली, अन् पायल म्हणती, "पप्पा, होईल चालू, टेन्शन घेऊ नका." चौथ्यांदा बंद पडली तवा अकरा वाजून गेल्ते. तेवढ्यात मागून काळीपिवळी जीप आली. ड्रायव्हर ओरडला, "दोनच जागा हायेत, जल्दी!" दोनच! आता सांगा, कोण उतरणार अन् कोण चढणार? मी मायलेकींना बसवलं, बॅगा टाकल्या. पायल म्हणली, "पप्पा, तुम्ही या मागून, स्टेशनवर भेटू." जीप निघाली, तिनं खिडकीतून हात काढला, "जय भीम पप्पा! सावकाश या!" सावकाश!

मला तिला चार गोष्टी सांगायच्या व्हत्या हो. स्टेशनवर सांगू म्हणून ठेवल्या व्हत्या...

मंग एकटाच उभा. म्हणलं, पेट्रोल तरी हाय का बघावं. टाकीचं ढक्कन फिरवलं, तर... फुस्सऽऽ! सोड्याची बाटली उघडल्यासारखं! सेल्फ मारला, चालू! परत पंधरा मिनिटांनी भुक्, भुक्, फट्! परत ढक्कन उघडलं, फुस्सऽऽ, चालू! तवा कुठं डोक्यात उजेड पडला. जुनं ढक्कन मी पेट्रोल पंपावर विसरलो व्हतो, अन् आठ महिन्यांपूर्वी नवीन आणलं व्हतं. चावीचं, मजबूत, घट्ट. इतकं घट्ट की टाकीत हवा शिरायला भोकच न्हाई! पेट्रोल जाईल तशी हवा आत नको यायला? हरिओमच्या दारात उभ्या गाडीला पेट्रोल लागतंच किती, म्हणून तिथं बंद पडली न्हाई! प्लग चांगले, कॉईल चांगली, कार्बोरेटर चांगला. बिघाड मी माझ्या हातानं बसवला, अन् वरून कुलूप लावलं!

ढक्कन सीटवर फेकलं, टाकीवर रुमाल कोंबला, अन् अशी पळाली म्हणता... एकदा न्हाई थांबली! बारा वाजून सात मिनिटांनी मी प्लॅटफॉर्मवर.

प्लॅटफॉर्म रिकामा. आयुष्यात पहिल्यांदा ती गाडी टायमावर आल्ती.

प्रभावती बाकड्यावर बसलेली. मी धापा टाकत म्हणलं, "अगं, सापडलं! ढक्कन व्हतं, ढक्कन!" ती माझ्याकडं बघून म्हणली, "गाडी हलेपर्यंत पोरगी स्टेशनच्या दाराकडं बघत व्हती."

...

भिवानं मंग ढक्कनाला बारीक भोक पाडून दिलं. पायलचा रोज फोन येतो, "पप्पा, गाडी कशीय?" मी म्हणतो, एकदम बराबर. त्या चार गोष्टी? आता फोनवर काय सांगायच्या... जेवली का विचारतो, अन् ठेवतो.

दर रविवारी जातो मी जालन्याला. बायकोला सांगतो, गाडी तपासून येतो. साडेअकराला प्लॅटफॉर्मवर. दिल्लीची गाडी येती, लोक चढत्यात, गाडी जाती. मंग मी बी निघतो. घरी काय, पायलची खोली बंद. वाटतं, वाटेत कुठं जरा घटकाभर थांबावं... पण आता आपली गाडी काही केल्या बंदच पडत न्हाई हो!