ताट वेगळं, रेझर एकच

मी हुपरीचा. पैंजणाचं काम वडिलांपास्नं घरातच हाय, खाली भट्टी, वर राहायचं, असल्या घरात काय लपून राहत न्हाय, पर मी लपवलं. काय सांगू तुम्हाला, बोलायची सवयच न्हाय मला.

मंडळाच्या शिबिरात रक्त दिलतं. मग रक्तपेढीनं बोलवून सांगितलं, हिपॅटायटिस सी निघालाय, डॉक्टरला दाखवा. दाखवायचं सोडून मी घरी आलो आणि ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला, पथ्य हाय म्हणालो. नात रोज मांडीवर बसून माझ्याच ताटात जेवायची, तिला उठवलं. पापा घ्यायला आली की तोंड फिरवायचो. माझं उष्टं तिला बाधंल, एवढंच डोक्यात. एकदा सून बायकोला म्हणाली, पोरगा असता तर मामंजींनी असा ढकलला असता व्हय? मी ते ऐकलं आणि खाली भट्टीवर गेलो.

पुढं थकवा लईच याय लागला तवा सरकारी दवाखान्यात गेलतो. डॉक्टरीणबाईंना म्हणालो, ताट तेवढं वेगळं ठेवलंय. त्या म्हणाल्या, कशाला? हा उष्ट्यानं, पाप्यानं, खोकल्यानं पसरत नाही, रक्तातनं रक्तात जातो. दुसऱ्याला टोचलेली सुई, न तपासलेलं रक्त, गोंदायची सुई. तुम्हाला कुठनं झाला, ते आता सांगता यायचं नाही. मग विचारलं, दाढी घरीच करता? रेझर कुणाकुणाचा?

रेझर माझा आणि पोराचा एकच. ब्लेडबी तेच. कापलं की तुरटी फिरवायची, झालं.

त्या दिवशी भट्टीपाशी सगळ्यांना सांगितलं. पोरानं चिमटा खाली ठेवला. म्हणाला, आबा, लेकराला लांब केलासा आणि रेझर माझ्या हातात तसाच ठेवलासा? दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी रक्त तपासाय दिलं. रिपोर्ट येईतवर एकाच भट्टीवर बसायचो, पर बोलणं न्हाय. त्याचं रक्त चांगलं निघालं, घरातल्या सगळ्यांचंच.

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या माझ्या गोळ्या संपल्या, काही महिन्यांनी परत रक्त तपासलं, आता काय न्हाय म्हणाले. रेझर ज्याचा त्याचा झालाय. पर नातीला तिच्या ताटलीची सवय लागलीया. काल म्हणालो, ये की बाय, बस मांडीवर. तर म्हणाली, नको आज्जा, तुझं पथ्य हाय.

सून वाढत होती. तिनं माझ्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलला आणि पोरीच्या ताटलीत ठेवला. पोरीनं तो रश्श्यात बुडवला. मी मान खाली घालून जेवलो. सुखानं राहू देत सगळी, दुसरं काय.